ताईनं दिलेले शब्द

पुण्यात स्पॅनिश शिकले तेव्हा ती भाषा मला रसायनांच्या बाटल्यांपर्यंत नेईल असं कधी वाटलं नव्हतं. आधी एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं केली. लग्नानंतर बारामतीत घरी बसून काम करू लागले, तर एका भाषांतर संस्थेनं मेक्सिकोतल्या एका प्रयोगशाळेचा लेख पाठवला. स्पॅनिशमधून इंग्रजीत करायचा होता. विषय जीवरसायनशास्त्र. व्याकरण सगळं कळत होतं आणि अर्थ काहीच कळत नव्हता.

मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ती वालचंदनगरला राहायची, दाजींच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये, आणि इंदापूरच्या कॉलेजात जीवरसायन शिकवायची. तिला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं आणि मी बारावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं.

"ताई, इथं तांपोन असा शब्द आहे. म्हणजे बोळा. वाक्य असं आहे, की बोळ्याचा पीएच सात पूर्णांक चार ठेवला."

पलीकडं ती एवढी हसली की दाजी आतून काय झालं म्हणून विचारायला आले. तिला हसू आवरत नव्हतं. "अगं येडे, बोळ्याला कसला आलाय पीएच? पीएच हलू न देणारं द्रावण, बफर असंल ते. बफर लिही."

तिथून आमचं काम सुरू झालं. रविवारी मी इंदापूरची एसटी धरायची. सणसर आलं की खिडकीतून आमच्या माहेराकडं जाणारा रस्ता दिसायचा. आई तिथंच असायची, पण त्या दिवशी मी उतरायची नाही. जंक्शन नावाच्या फाट्यावर उतरून पुढं वालचंदनगरला जायची. ताईच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी लॅपटॉप उघडायचा. मी स्पॅनिश वाक्य शब्दाला शब्द लावून मराठीत सांगायची, ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि त्यातून इंग्रजी शब्द उचलून द्यायची.

"साक्षीदार नळीत एन्झाइम घातलं नाही," मी वाचायची.

"कंट्रोल."

"पांढऱ्याचं वाचन आधी घेतलं."

"ब्लँक."

"मग खाली हाच शब्द परत आलाय. औषध पांढऱ्याला जाऊन चिकटतं."

ती थांबायची. पिठाचे हात तसेच वर धरून म्हणायची, "न्हाय. चिकटतं म्हणलं की ते दुसरं काहीतरी हाय. त्या शब्दाला आणखी काय अर्थ हाय बघ."

मी बघायची. नेम धरतात ते लक्ष्य, असाही अर्थ निघायचा. "मग टार्गेट," ती म्हणायची आणि भाकरी तव्यावर टाकायची.

एकदा तिनं एका लेखातली चूक पकडली. मीठ एवढं असतं तर ते एन्झाइम तगलंच नसतं, मोलच्या जागी मिलिमोल हवं, असं ती म्हणाली. मी भीत भीत संस्थेला कळवलं. लेखकांचा निरोप आला, चूक खरीच होती, आभार. मी तो निरोप तिला फोनवर वाचून दाखवला. "परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचला. त्या दिवशी तिनं कॉलेजात सगळ्यांना पेढे वाटले आणि कशाचे ते कुणालाच सांगितलं नाही.

ती शिकवत असतानाच तिला झटका आला. प्रात्यक्षिक चालू होतं. फळ्यावर लिहिताना हातातला खडू पडला, तो उचलायला वाकली ती उठलीच नाही. बारामतीच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिचे डोळे उघडे होते. उजवा हात पांघरुणावर तसाच पडून होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती, जीव वाचला, बोलण्याचं सांगता येत नाही.

एक शब्द तेवढा उरला. बरोबर.

पाणी हवं असलं तरी बरोबर, दिवा मालवायचा असला तरी बरोबर. दाजींवर रागावली तरी दात आवळून, "बरोबर!" तिला सगळं समजत होतं. म्हणायचं असायचं एक, तोंडातून यायचा तोच शब्द. आपण काय बोललो हे ऐकून ती स्वतःच दचकायची.

वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, तिच्याशी तिच्या आवडीचं बोला. ती घरी आल्यावर मी लॅपटॉप घेऊन वालचंदनगरला गेले. आई सणसरहून येऊन तिच्याजवळ राहिली होती. तिनं ताईला उशीला टेकवून बसवलं. मी विचारलं, "ताई, विदा मेदिया म्हणजे मधलं आयुष्य. औषध रक्तात किती टिकतं त्याबद्दल चाललंय. मी सरासरी आयुष्य असं इंग्रजीत लिहू का?"

"बरोबर," ती म्हणाली आणि जोरजोरानं मान हलवू लागली. नाही, नाही.

मी पाटी पुढं केली. डाव्या हातानं तिनं एक उतरती वाकडी रेघ काढली. तिच्या निम्म्या उंचीवर खूण केली आणि तिथून सरळ खाली रेघ ओढली. निम्मं उरायला लागणारा वेळ. हाफ-लाइफ. मी मोठ्यानं म्हटलं तशी तिनं डोळे मिटले आणि हसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसली. दाजी दारात उभे होते, ते तोंड फिरवून बाहेर गेले.

मग मला आशा लागली. दर रविवारी मी शब्द घेऊन जाऊ लागले. पण सगळ्याच शब्दांचं चित्र निघत नाही. एके दिवशी एका प्रथिनाच्या घडीबद्दलचं वाक्य होतं. ते ऐकताच तिचे डोळे चमकले. शब्द तिला माहीत होता. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "बर... बरोबर. बरोबर. बरोबर." तिनं पाटी ढकलून दिली आणि डाव्या हातानं स्वतःच्याच तोंडावर मारायला लागली.

आईनं तिचा हात धरला. तिला शांत केल्यावर मला म्हणाली, "आता ते वाचायचं न्हाय तिच्यापुढं. तू येत जा. नुसती येऊन बसत जा."

मग मी नुसती जाऊन बसायची. तिचे केस विंचरायची, नखं काढायची. साखर कारखान्याचा गळिताचा हंगाम होता, खिडकीतून मळीचा वास यायचा. त्याच हंगामात तिला दुसरा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

हातातला लेख मी कोशात एकेक शब्द शोधून पुरा केला. त्यानंतर संस्थेला कळवलं, जीवरसायन नको, दुसरं काही द्या. आता ट्रॅक्टरची पुस्तकं करते.

परवा दाजी पेन्शनच्या कामाला बारामतीला आले होते. चहा घेताना एकदम म्हणाले, "तुमी दोघी दर रविवारी एवढं काय बोलायच्या गं? माझ्याशी ती फार बोलायची न्हाय."

मी सांगितलं, काम झालं की ती त्या त्या प्रयोगशाळेचं गाव नकाशात काढायला लावायची. तिथं आत्ता किती वाजले असतील, थंडी असेल का, मुली कामाला असतील का, असं विचारत बसायची. एकदा जाऊन बघायचं म्हणायची.

दाजींनी कप खाली ठेवला. "मला म्हणायची, कुठं जायला नको, घरीच बरं वाटतं."

त्यांच्या एसटीची वेळ झाली म्हणून मी स्टँडवर सोडायला गेले. गर्दी नव्हती, त्यांना खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटताना त्यांनी हात बाहेर काढला, पण बघत होते ते दुसरीकडंच.