कॅमेऱ्यावरचं कुंकू

कॅमेरा सुरू झाला होता. मॉनिटरवर माझ्या वर्कशॉपची खिडकी चक्क रंगीत दिसत होती, आणि मंजिरी तिकडे बघतही नव्हती. ती कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूवरून बोट फिरवत होती.

"काका, इथलं कुंकू कुठे गेलं?"

मी लंडनमध्ये क्रॉयडनला राहतो. टीव्ही स्टुडिओत मेंटेनन्स इंजिनियर होतो. रिटायर झाल्यापासून जुने पोर्टेबल कलर व्हिडिओ कॅमेरे गोळा करतो आणि दुरुस्त करतो. पोर्टेबल म्हणजे काय, तर एका खांद्यावर कॅमेरा आणि दुसऱ्यावर केबलने जोडलेला जड रेकॉर्डर. आज जिथे चिप असते, तिथे यात काचेची ट्यूब. ती गेली की कॅमेरा संपला, कारण नवी आता मिळत नाही.

मंजिरी इल्फर्डची. जन्म इथलाच, नोकरी कौन्सिलमध्ये. तिचे वडील या कॅमेऱ्याने मंडळाचा गणपती शूट करायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. या मार्चमध्ये आईही गेली. आता घर विकायचं होतं, आणि त्याआधी तिला याच कॅमेऱ्याने ते एकदा शूट करायचं होतं.

"होईल ना, काका?"

"ट्यूब जिवंत असेल तर होईल."

ट्यूब ठणठणीत निघाली. कपॅसिटर मात्र गळले होते. हे वीज साठवणारे छोटे डबे. म्हातारे झाले की आतलं रसायन सांडून बोर्ड खातात. तीन आठवडे खपून सगळे बदलले. मग बाहेरची सफाई. डाव्या बाजूला हळदीकुंकवाचा थर होता. दसऱ्याच्या पूजेचा, हे मला कळलं नाही असं नाही. आमच्याकडे सोल्डरिंग आयर्नलाही कुंकू लागतं. पण हाताला सवय. पावडर आत गेली की स्विच बिघडतात. स्पिरिट घेतलं, कापसाचे बड्स घेतले, पाच मिनिटांत बॉडी चकाचक. वर स्वतःवरच खूश झालो.

"साफ करताना पुसलं गं," मी म्हटलं.

"आईच्या बोटाचा ठसा होता तो. मागच्या दसऱ्याचा. तिचा लास्ट." मग ती म्हणाली, "तुम्ही मराठी, म्हणून तुमच्याकडे आणला. इंग्लिश माणसाने पुसला असता."

मी नोकरीत ट्यूबा फोडल्या आहेत, लाइव्ह कार्यक्रमात कॅमेरा बंद पाडला आहे. इतका हादरलो कधीच नव्हतो.

"बड्स कुठे टाकले?"

बिनमध्येच होते, लाल-पिवळे झालेले. तिने एकेक वेचून काढला. मी सँडविच बॅग उघडी धरून उभा राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बॅग पर्समध्ये ठेवून ती कॅमेरा घेऊन गेली. घर शूट केलं का, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

आता कॅमेरा ताब्यात घेताना मी आधी विचारतो, "यावरचं काय पुसायचं नाही?" बहुतेक लोक हसतात. उत्तर मिळेपर्यंत मी स्क्रूड्रायव्हर उचलत नाही.