बावीस माडांचा घोट

मी संशयी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला ते शोधून काढायचे कष्ट नकोत. मासळी घेताना मी कल्ला तीनदा उघडून बघते, आणि कोळीण "आता काय त्याच्या पोटात शिरतंस?" म्हणाली तरी चौथ्यांदा बघते. सासूबाई म्हणायच्या, "हिला देवानं नाक दिलंय ते श्वास घ्यायला न्हाय, वास घ्यायला." त्यांचं खरं होतं. पण त्याच नाकानं मला एकदा असं काही फसवलं की त्याचा सल अजून गेलेला नाही.

आमचं घर आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. आमची माणसं पिढ्यान् पिढ्या माडावर चढून माडी काढणारी. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली आणि माडी काढणं गुन्हा झाला. मग सरकारनंच नीरेचे परवाने दिले. आता माडी आणि नीरा काही दोन झाडांची नव्हे. एकाच माडाच्या एकाच पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून गळतात, फरक फक्त चुन्याचा. मडक्याला आतून चुना फासून संध्याकाळी पोयीला बांधलं, की रात्रभर गळलेला रस सकाळी गोड मिळतो. चुना कमी पडला, तर तोच रस आंबून उजाडेपर्यंत माडी होते. गोड असेल तर सरकार परवाना देतं आणि आंबट असेल तर बेडी घालतं, असा सगळा मामला.

मडकी धुणं आणि चुना फासणं हे बायकांचं काम, चढणं-उतरणं पुरुषांचं. आणि एक रीत होती. मडकं सोडवलं की माडावरच त्यातला एक घोट चाखायचा. गोड लागला तर रस कळशीत घ्यायचा, आंबट लागला तर तिथूनच खाली ओतायचा. आंबलेलं एक मडकं कळशीत पडलं तर सगळी कळशी नासते. म्हणून चाखल्याशिवाय आमच्यात कुणी मडकं खाली आणत नसे. आमच्या ह्यांच्याकडे बावीस माड होते.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचे हे एकाएकी गप्प झाले. भांडण नाही, ताप नाही, काही नाही. ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवण पुढे ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती मांडीवर चढायची, तर तिलाही धरायचे नाहीत, नुसती बसू द्यायचे. एक दिवस मला म्हणाले, "मी नसलो तर तुमचं काय अडतंय गे?" बाहेरचं झालंय म्हणून आधी नारळ फोडून झाले, लिंबू ओवाळून झालं. शेवटी माझ्या भावानं आम्हाला मुंबईला बोलावलं. एसटीनं रेवस, तिथून लाँचनं भाऊचा धक्का, मुलगी माझ्या कडेवर आणि हे माझ्या पदराला धरल्यासारखे मागून.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी अर्धा तास बोलून घेतलं. म्हणाले, हा मनाचा आजार आहे, त्यावर आता गोळ्या निघाल्यात, सकाळी एक आणि रात्री एक. गुण यायला तीन आठवडे लागतील. मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "आणि दारूचा थेंब चालणार नाही. गोळी आणि दारू एकत्र झाली तर माणूस उभ्या उभ्या पडेल."

हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "दारूबंदी हाय डॉक्टरसाहेब, कुठून पिणार?"

डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी चटकन सांगितलं, बागेत. माडावर चढतात हे मी मुद्दाम गाळलं. चढू नका म्हणाले असते तर खायचं काय? डॉक्टर "उत्तम, मोकळी हवा" म्हणाले आणि आम्ही उठलो.

खरंच, महिनाभरात माणूस परत आला. मुलीच्या केसांना तेल लावायला लागले. त्यांचा हा जुना छंद. तिच्या डोक्यावर तळवा ठेवून टाळूवर तेल जिरवत बसायचे आणि ती मांजरीसारखी डोळे मिटून घ्यायची. मी चुलीपाशी पाठ करून रडून घेतलं. पुन्हा माडावरही जायला लागले, पहाटेच्या चहाबरोबर गोळी घ्यायची आणि कोयता कमरेला लावून निघायचं.

एकच तक्रार होती. "तोंड सुकतंय गे. जीभ नुसती जळतेय."

मी विचार केला आणि माझ्या बुद्धीप्रमाणे मला कारण सापडलं. चुना! रोज बावीस घोट चुन्याच्या मडक्यातले, जीभ जळेल नाही तर काय? गोळ्यांनी तोंड सुकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी कुठली विश्वास ठेवायला! ह्यांना न सांगता मी चुना पातळ केला. आधी मडक्याला आतून पांढराफेक हात देत होते, आता नुसता फिरवल्यासारखा. माझ्या माणसाची जीभ वाचवली म्हणून मनात खूशही झाले.

आणि पंधरा दिवसांत त्यांच्या तोंडाला वास आला.

सकाळी नऊच्या सुमारास हे घरी यायचे. एके दिवशी मी पाणी द्यायला वाकले आणि आंबूस भपकारा आला. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? बापाच्या घरी ह्याच वासात वाढले. ह्यांचे डोळे जड, बोलणं सैल. ओटीची पायरी चढताना खांब धरला. मनात म्हटलं, झालं! बरं वाटायला लागलं तशी तल्लफ आली.

"काय घेतलंत?" मी विचारलं.

"काय घेणार? नीरा चाखली, रोज चाखतो ती."

नीरेला असा वास येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवसापासून मी शिपाई झाले. त्यांचा सदरा धुण्याआधी हुंगायची. गोठ्यातला पेंढा उपसून बघितला, विहिरीत दोर सोडलाय का बघितला, पालथी घातलेली होडी होती तिच्याखाली वाकून बघितलं. एक बाटली मिळाली, तिच्यात करंजेल निघालं. त्यातच सरकारी नीरा-विक्री केंद्रावर जाणारी नीरा कमी व्हायला लागली. पूर्वी कळश्या काठोकाठ जायच्या, आता निम्म्याशिम्म्या. बाकीची कुठे जाते? पोटात! मला तर सगळं आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

गावाबाहेर तिवरांच्या आडोशाला एक म्हातारी चोरून भट्टी लावायची. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "माझा माणूस येतो काय हो तुमच्याकडं?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुझा माणूस? अगं, तो माझ्या दारावरनं जाताना मान वळवून जातो. उधारीवाले पण एवढी मान वळवत न्हाईत!"

मला वाटलं, बघा कशी पढवून ठेवलीय. घरी आले ती आणखी तापून.

त्या संध्याकाळी मी मुलीला त्यांच्यापुढे उभं केलं. "हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा, दारू प्यायलो न्हाय म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यात, वाईट वाटलं होतं. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "दारूचा थेंब प्यायलो न्हाय."

चार दिवस मी सदरा हुंगला नाही. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा तोच भपकारा, आणि त्याच दुपारी मुलीला सणसणून ताप भरला. अंगावर पुरळ उठलं. गोवर होता, गावात चार घरी आलेला होता, मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी मी बोलले. जीभ कापून टाकावी असं बोलले. "खोटी शपथ घेतलीत पोरीच्या डोक्यावर. आता भोगतेय ती!"

ते मुलीच्या उशाशी बसले होते तिथून उठले आणि ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी ते पाहिलं, पण माघार घेईन तर मी कसली!

दुसऱ्या दिवशी शेजारणीला मुलीपाशी बसवून मी त्यांच्या मागे गेले. म्हटलं, आज रंगेहाथ पकडायचं. फटफटलं होतं. हे एकेका माडावर चढत होते आणि मी सुपारीच्या आडून बघत होते. वर मडकं सोडवलं, तोंडाला लावलं. हे घोट चाखणं नव्हतं, दोन-तीन घोट असावेत, तहान लागल्यासारखे. मग मडकं उलटं केलं आणि सगळा रस खाली झावळ्यांवर फडफडत पडला. पुढच्या माडावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. मला काही कळेना. पिणारा माणूस कधी ओतेल का?

सातव्या की आठव्या माडावर मला राहवलं नाही. बाहेर येऊन ओरडले, "काय ओतताय हो तुम्ही?"

ते दचकले. पाय सुटला. दोन्ही हातांनी माडाला मिठी मारली आणि तसेच सरसरत खाली आले, निम्मा माड तरी असेल. छाती, पोट, दंड, सगळं सोललं. मी धावले तोवर बुंध्याशी बसले होते, धापा टाकत, डोळे अर्धे मिटलेले, आणि कमरेला बांधलेलं, अजून न ओतलेलं मडकं तसंच होतं. तेवढं मात्र फुटलं नव्हतं. त्यांनी ते सोडवून माझ्या हातात दिलं.

"चाख."

मी बोट बुडवून चाखलं. आंबट. चांगली चढलेली माडी, फेस धरलेली. मडकं उजेडाकडे कलतं करून आत बघितलं. चुन्याची चार बोटं उमटलेली, मध्ये मडक्याची लाल माती दिसत होती. ती माझी बोटं होती.

"तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "चुना कमी पडतोय. केंद्रावर आंबट गेली तर विचारतील, मडकी कोण करतं म्हणून. तुझं नाव घेऊ काय? म्हणून ओततो. तुला सांगायचं मनात होतं, पण तू पोरीचं, माझं, सगळंच करून दमलेली. म्हटलं, होईल नीट."

"आणि ओतायच्या आधी पिता कशाला?"

"पितो कुठं? चाखतो. न चाखता कळणार कसं? तोंड सुकलेलं असतं गे, म्हणून जरा जास्त जातं."

बावीस माड, दरेकी दोन-तीन घोट, आणि पोटात मुंबईची गोळी. त्यांच्या लेखी दारू म्हणजे म्हातारीच्या भट्टीची, बाटलीतली, बसून प्यायची. माडावरचा घोट ही कामाची रीत. बापानं शिकवलेली, आजानं शिकवलेली. ती पिण्यात मोजायची असते हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. मी होड्यांखाली बाटल्या शोधत होते आणि रोज दुपारी मांडी घालून, गाणं गुणगुणत, माझ्याच हातानं त्यांना दारू करून देत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. चुना मीच पातळ केला, जीभ जळते म्हणालात म्हणून. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मडकं माझ्या हातातून परत घेतलं आणि विचारलं, "मंग माझी शपथ खोटी झाली काय गे?"

"न्हाय हो! काहीतरीच काय!"

"माडीच होती ना ती? म्हणजे खोटीच. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललो."

"तो गोवर हाय. गावात चार पोरांना हाय."

"तूच म्हणालीस काल."

त्यांना धरून घरी आणलं, जखमांना हळद लावली. मुलीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि ती अंथरुणात बसून पेज मागायला लागली. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो, आणि ह्या वेळी मी डॉक्टरांना माड, घोट, चुना, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तोंड गोळीनं सुकतं, म्हणाले, चुन्यानं नव्हे. गोळ्या चालू आहेत तोवर माड बंद. मग माड धाकट्या दिराकडे गेले, हे सुपारीच्या वाडीला शिंपणं करायला लागले, आणि वर्षा-दीड वर्षात गोळ्याही सुटल्या. भिंतीकडे तोंड करून पुन्हा कधी बसले नाहीत. त्या बाबतीत देवानं आणि त्या डॉक्टरांनी मला पुरेपूर दिलं.

पण त्या दिवसानंतर त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तेल लावायचं काम माझ्याकडे आलं. ती तेलाची बाटली घेऊन त्यांच्यापुढे बसायची, तर "आयेकडं जा" म्हणायचे. मी हजारदा सांगितलं, चूक माझी, चुना माझा, जीभ माझी. ते मान हलवायचे, "व्हय व्हय" म्हणायचे, आणि हात मांडीखाली घ्यायचे. तिच्या लग्नात ती वाकली तेव्हा त्यांनी लांबूनच अक्षता टाकल्या.

सासरी जायच्या दिवशी तिनं मला विचारलं, "आये, बाबा माझ्या डोक्यावर हात का ठेवत न्हाईत?"

मी म्हटलं, "त्यांचे हात माडावर खरबरीत झालेत ना, तुझे केस ओढले जातील म्हणून."

तिला ते पटलं. ती माझ्यावर गेलेली नाही, सांगितलं ते खरं मानते.