काडी लागायच्या आधी

बी.एस्सी. झाल्या झाल्या मी रोह्यातल्या एका कंपनीत लागले. तिथे थिनर बनायचं. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याखालची एक खोली, डोक्यावर एक पंखा आणि ओट्यावर दोन यंत्रं. दोन्हींचं काम एकच. तेल किती तापलं की त्याची वाफ ज्योतीला पेट घेते, ते सांगायचं. त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पहिलं यंत्र उघडं होतं. खाली आच, वर पितळी वाटी, आणि वाटीवरून ज्योत फिरवायची. दुसऱ्याच्या वाटीला घट्ट झाकण आणि भोवती पाण्याचं भांडं. झाकणाला एक सरकती खिडकी. ती उघडली की मुगाच्या दाण्याएवढी ज्योत क्षणभर आत डोकावते. वाफ पुरेशी असली तर आत निळा झपकारा होतो. तेव्हाचं तापमान वहीत लिहायचं.

रॉकेलचा आकडा पस्तीस अंशांच्या खाली येता कामा नये, असा सरकारी नियम आहे. तो मला पाठ होता. पण त्या मे महिन्यात मला तो आठवला नाही, आणि याची चीड मला आजही इतर सगळ्या चिडींच्या आधी येते.

आमचं घर कासूजवळ, खाडीकाठच्या गावात. वडील मिठागर कामगारांच्या संघटनेत होते. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. पुढे पेणच्या महिला मंडळाची पत्रकं मी लिहू लागले आणि ती लोक वाचतात हे कळल्यावर जरा जास्तच जोरात लिहू लागले.

आमच्या शेजारी एक काकी राहायची. विधवा, आयुष्यभर मिठागरात राबलेली. तिचा मुलगा पनवेलला शिफ्टमध्ये होता. घरात काकी, सून आणि तीन वर्षांची नात. एका सकाळी सून भाजली. हात, गळा, हनुवटी. पेणला नेलं आणि तिथून अलिबागला. हवालदाराने जबाब घेतला तेव्हा सून म्हणाली, "गार स्टोव्हमधे रॉकेल भरला. काडी ओढली. काडी अजून लागली पन नव्हती, तवर पेटला. सासूनं गोधडी टाकली म्हनून वाचले."

काडी लागायच्या आधी स्टोव्ह कसा पेटेल? हवालदार हसला. गावही हसलं.

मी हसले नाही, मी त्याहून वाईट केलं. सासरच्या धाकाने बायका असे जबाब देतात हे मी डझनभर पत्रकांत वाचलं होतं, चार पत्रकांत लिहिलं होतं. मग पाचवं लिहिलं. 'स्टोव्ह नेहमी सुनेच्याच अंगावर का उडतो?' हा मथळा. खाली आमच्या गावाचं नाव आणि 'काडी लागायच्या आधीच पेट घेणारे हे चमत्कारी स्टोव्ह' अशी एक ओळ. ती सुचली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. काकीचं नाव घातलं नाही, यालाच मी जबाबदारी समजत होते. मंडळाने पेणच्या स्टँडवर आणि वडखळच्या नाक्यावर पत्रकं चिकटवली.

सुनेचा भाऊ खांब गावचा. भाताची शेती करणारा, शांत माणूस. नाक्यावर एसटीची वाट बघताना त्याने पत्रक वाचलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. पोलिसांनी काकीला बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. रीतसर तक्रार रविवारनंतर द्यायची, बहीण बरी झाली की तिला आणि भाचीला कायमचं घेऊन जायचं, असं त्याचं ठरलं. काकीचा तुरुंग जवळ आला होता आणि तो माझ्या अक्षरात आला होता.

दुसऱ्या दिवशी काकी आमच्या पडवीत आली. एका हातात पत्रक, दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

"माजा नाव नाय घातलास," ती म्हणाली. "पन ती मीच हाय ना गो?"

"रोज गाडीनं रोह्याला जातस. तेल तपासतस म्हनं. मंग ह्ये तपास. त्याच डब्यातला हाय. तपास आनि मंग काय लिवायचा ता लिव."

बाटली घेऊन मी कंपनीत गेले. तिथले केमिस्ट सर म्हणाले, "कशाला झाकणाच्या यंत्राचा घोळ घालतेस? उघड्यावर घे, पाच मिनिटांत होईल." मी उघड्या वाटीत घेतलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. ज्योत फिरवत राहिले. अडतीस अंशांवर पेट घेतला. पास.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझं पत्रक खरं ठरलं होतं.

वाटी धुताना फडक्याला एक वास आला. ओळखीचा, जरा गोडसर. रॉकेलचा नव्हे. आमच्याकडे थिनरची भांडी धुतलेलं वापरलेलं सॉल्व्हंट निळ्या पिंपांत भरायचे, आणि एक टेम्पो ते मागच्या फाटकातून न्यायचा. कुठे, ते कुणी विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं.

मग डोकं चालू झालं. ते सॉल्व्हंट रॉकेलमध्ये मिसळलं असेल तर ते लवकर पेट घेणार. उघड्या वाटीवरची वाफ पंख्याने उडवून लावली होती. काकीच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता, खिडकी नव्हती. स्टोव्हची टाकी काही वाटीसारखी उघडी नसते. झाकणाच्या यंत्रावरच बघायला हवं होतं. पण खोलीच तेहतीस अंशांवर होती. त्याच्या खालून सुरुवात करायची तर बर्फ हवा. दुपारच्या सुट्टीत मासळी बाजारात गेले. कोळणीने भुशातला एक तुकडा फोडून दिला. "मावरा न घेता बर्फ? घरात कोन तापलाय काय?" तिने विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

बर्फाने पाणी गार केलं. पारा खाली आला, मग हळूहळू वर चढू लागला. एकेका अंशाला खिडकी उघडत गेले. चोवीस. पंचवीस. अठ्ठाविसाला आत निळा झपकारा झाला आणि ज्योत विझली. पुन्हा ताजं तेल घेतलं. पुन्हा अठ्ठावीस. मे महिन्यात काकीचं स्वयंपाकघर त्याहून गरम असणारच.

ज्योत तेलाला टेकलीच नव्हती. वरच्या वाफेनेच पेट घेतला होता. काडी लागायच्या आधी. जळालेल्या बाईने शब्दन् शब्द खरं सांगितलं होतं, आणि रसायनशास्त्र शिकलेल्या मी त्याचा चमत्कार म्हणून विनोद केला होता.

सरांकडे गेले. हे लेटरहेडवर लिहून द्या, असं मी त्यांना म्हणाले.

"उघड्यावर पास आहे ना? मग विषय संपला."

"सर, हा वास आपल्या पिंपांचा आहे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "वासाचा रिपोर्ट नसतो." उघड्या वाटीचा सल्ला त्यांनी घाईत दिला की जाणूनबुजून, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या उत्तराने माझं अंग पेटलं. हवालदाराला माझ्या सहीचा कागद दाखवला तर तो म्हणाला, "शिक्का कुठाय?" तालुक्याच्या पुरवठा कचेरीत अर्ज दिला. काकी रॉकेल घ्यायची त्या रेशन दुकानातून त्यांनी नमुना घेतला, पण तो पुढे केव्हातरी, नवीन पिंप आल्यावर. तो अर्थातच उत्तम निघाला. जळालेल्या गळ्याचा नमुना घ्यायला कोणी अलिबागला गेलं नाही.

रविवार उरला होता. शनिवारी सुटताना मी झाकणाचं यंत्र पिशवीत घातलं, न विचारता, आणि गाडीत मांडीवर धरून कासूला उतरले. ती चोरी होती तर होती. खांबला निरोप पाठवला होता. रविवारी भाऊ आला, पण काकीच्या अंगणात खाली बसायला तयार नव्हता.

"पत्रक लिवनारी तूच ना?" त्याने मला विचारलं. "आनि आता हीची वकिली?"

"दादा, वकिली नाही. खिडकी तुम्हीच सरकवा."

काकीच्याच डब्यातलं रॉकेल, पेणहून आणलेला बर्फ. शेजारीपाजारी कुडाशी उभे. आकडा मी वाचत होते, खिडकी तो सरकवत होता. "काय नाय... काय नाय..." तो दर वेळी म्हणायचा. अठ्ठाविसाला आत निळं झालं आणि त्याने हात मागे घेतला.

"टेकली कुटं ज्योत?" तो म्हणाला.

"नाहीच टेकली."

"परत कर."

परत केलं. मग तो अंगणातच बसला. "माझी भैन हेच सांगत व्हती," तो म्हणाला. "मला पन तिचा पटला नाय." काकीने त्याला पाणी दिलं आणि तो ते प्यायला. तक्रार झाली नाही. महिन्याने सून काकीच्याच घरी आली, मान एका बाजूला आखडलेली. दुकानाला काही झालं नाही. निळी पिंपं फाटकातून जात राहिली. माझी नोकरी मात्र सोमवारीच गेली.

पण रविवारी सगळे पांगल्यावर काकी म्हणाली, "आनि भिंतीवरचे कागद?"

"मी दुसरं पत्रक लिहिते काकी."

"दुसरा लिव. पैला कोन काडनार?"

आम्ही दोघी वडखळला गेलो. बादली, फडकं आणि पत्र्याचा एक तुकडा घेऊन. नाक्यावरच्या भिंतीवर चार पत्रकं होती, खळ वाळून दगड झालेली. मी खरवडायला लागले तर तिने हात धरला.

"थांब. वाचून दाखव. सगला."

मी वाचलं. चमत्कारी स्टोव्हची ओळही वाचली.

"ती वळ काड," काकी म्हणाली. "आनि गावाचा नाव काड. बाकीचा खरा हाय. माज्या भैनीच्या लेकीला जालली व्हती सासरच्यांनी. ता राहूं दे."

ती पाणी ओतत राहिली. मी दोन ओळी खरवडत राहिले, चारही कागदांवर.