तीन खड्डे आणि एक फिर्याद

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग नाकात ओल्या बोंबलाचा वास भरतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्त झाल्यावर लोक चहाला बसले की मी सांगतो ती ही दगडाची केस.

तेव्हा मी डहाणू भागात किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवडणूक तोंडावर आलेली. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात आमदारसाहेबांचे स्वीय सहायक घामाघूम होऊन ठाण्यात आले आणि म्हणाले, "साहेबांचा दगड चोरीला गेला."

मी म्हटलं, "आधी बसा. कसला दगड?"

हकिकत अशी. आमच्या हद्दीतल्या एका मच्छीमार गावात बोटी लावायला धक्का नव्हता. भरतीला होड्या वाळूपर्यंत यायच्या, ओहोटीला गाळात रुतायच्या आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन त्या गाळातून मासळी बाहेर काढायच्या. आमदारसाहेबांनी धक्का मंजूर करून आणला, भूमिपूजन केलं आणि काळ्या ग्रॅनाइटची भलीमोठी कोनशिला बसवली. ती कोनशिला गायब. आणि येत्या रविवारी खुद्द मंत्रीमहोदय धक्क्याचं काम पाहायला येणार होते. यंदा तिकीट द्यायचं की कापायचं, हे त्या पाहणीवर ठरणार होतं.

"काम कुठवर आलंय?" मी विचारलं.

सहायक जरा चाचरले. "दगडापर्यंत आलं होतं."

साहेबांची एकूण कारकीर्द पाहिली तर माणूस तसा साधा नव्हता. सरपंचकीपासून सुरुवात. पहिल्यांदा अपक्ष निवडून आले, दुसऱ्यांदा एका पक्षाकडून, तिसऱ्यांदा दुसऱ्याच पक्षाकडून. वेवजीपासून चिंचणीपर्यंत कुठल्याही लग्नाला जायचे, पंगतीत बसून जेवायचे आणि नवरीच्या आजीला नावानिशी हाक मारायचे. लोकांचा त्यांच्यावर राग असायचा, पण समोर आले की तो कुठे जायचा कोण जाणे.

गुन्हा दाखल करून मी पंचांना घेऊन जागेवर गेलो. किनाऱ्यावर नारळाच्या झाडाखाली पंचनामा सुरू झाला. हवालदार लिहायचा थांबला. "सर, दगड एक गेलाय ना? इथे खड्डे तीन आहेत."

खरंच, ओळीने तीन खड्डे. मी तिथूनच आमदारसाहेबांना फोन लावला.

खड्ड्यांचा आकडा सांगितला. मग साहेब म्हणाले, "इन्स्पेक्टर, तुम्ही एकाचाच तपास करा."

"बाकीचे दोन?"

"ते जुने आहेत हो. प्रत्येक टर्मला एक भूमिपूजन झालं. पहिल्या वेळचे मंत्री वेगळे, दुसऱ्या वेळचे वेगळे. तुम्ही नवा तेवढा शोधा. जुने सापडलेच तर... सापडू देऊ नका."

चोरीला गेलेला माल सापडू देऊ नका, असं फिर्यादीच्याच गोटातून ऐकण्याची माझी ती पहिली वेळ.

संशयित एकच होता. साहेबांचा जुना उजवा हात. वर्षानुवर्षं त्यांची बॅग धरलेला, आणि आता स्वतःच तिकिटाच्या रांगेत उभा. त्याला चौकशीला बोलावलं. पांढरे बूट घालून आला, खुर्ची ओढून बसला. मी दरडावून विचारलं, "दगड कुठे लपवलास?"

तो ताडकन उठला. "साहेब, मी लपवीन? मी? अहो, ते तीन दगड म्हणजे माझा सगळा प्रचार होता! तीन दगड आणि धक्का शून्य. रविवारी मंत्र्यांना हाताला धरून तिथे उभं करणार होतो मी. चोरानं माझं वाटोळं केलं! माझीसुद्धा फिर्याद घ्या. आणि माझी तीन दगडांची घ्या."

मी कपाळाला हात लावला. फिर्यादीला एक दगड हवा, आरोपीला तीन. आणि दोघांचेही दिवसातून दहा वेळा फोन.

तेवढ्यात खबर आली. आमचा एक खबरी ताडीच्या दुकानात बसायचा. बातमी कधी पक्की असायची, कधी ताडीतून आलेली. तो म्हणाला, "साहेब, काळा दगड टेम्पोतून तलासरीकडे गेला. उधव्याला." त्या बाजूच्या ठाण्याला कळवलं, त्यांचा एक माणूस सोबत घेतला आणि आम्ही उधव्याला पोचलो. एका पाड्यावर नवं घर, आणि स्वयंपाकघरात अगदी नवाकोरा काळा ओटा. त्यावर भात रटरटत होता.

"बाई, हा दगड कुठला?" मी विचारलं.

"वापीवरून आणलाय. का? वाकडा बसलाय का?"

"ह्याच्यावर आमदारांचं नाव आहे का, ते पाहायचंय."

बाईने डाव हातात घेऊन मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझ्या ओट्यावर आमदार कशाला येल? बघा. पण भात उतरवनार नाय."

आमचा हवालदार पोटावर सरपटत ओट्याखाली शिरला, टॉर्च मारून पाहिलं आणि डोक्याला कोळिष्टकं घेऊन बाहेर आला. खाली फक्त गवंड्याच्या पेन्सिलीच्या खुणा. बाईने आम्हाला चहा दिला, वर हसलीही. परत येताना हवालदार जीपमध्ये डोक्यातली कोळिष्टकं काढत होता.

शुक्रवार उजाडला. वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता, भाषा गोड नव्हती. मी वैतागून दुपारी घरी जेवायला गेलो. बायकोने त्याच गावच्या बाईकडून घेतलेले बोंबील तळले होते. मी दोन खाल्ले, तिसरा उचलला आणि हात थांबला.

"काय झालं? मीठ जास्त पडलं का?"

"वाळू नाही लागली," मी म्हटलं.

ज्यांनी त्या गावची मासळी खाल्ली आहे त्यांना कळेल. धक्का नाही, ओटा नाही. मासळी उतरायची ती थेट वाळूवर, निवडायची ती वाळूवर. कितीही धुवा, एखादा कण दाताखाली कचकन यायचाच. आम्हा सगळ्यांना त्याची सवय झालेली.

"हो ना," बायको म्हणाली, "ह्या आठवड्यात कशी अगदी स्वच्छ येतेय. मी तिला विचारलंसुद्धा. नुसती हसली मेली."

मी ताट तसंच ठेवून उठलो. बायको मागून ओरडत होती. आयुष्यात तळलेले बोंबील अर्धवट टाकून मी तेवढा एकदाच उठलो असेन.

खड्ड्यांपासून थोड्याच अंतरावर, होड्या लागतात तिथे, झावळ्यांच्या सावलीत बायका मासळी निवडत होत्या. पण खाली बसून नव्हे. सिमेंटच्या ठोकळ्यांवर तीन काळ्या गुळगुळीत लाद्या एकीला एक लावून छान लांबलचक ओटा केला होता. पंचनाम्याच्या दिवशी मी ह्याच ओट्याला पाठ टेकून उभा होतो. ओढत नेल्याच्या खुणाही तेव्हा दिसल्या होत्या. पण त्या किनाऱ्यावर ओंडके टाकून होड्या रोजच ओढतात, तेव्हा त्या खुणांचं कुणाला काय वाटणार?

मधोमध एक वयस्क बाई कोयतीने मासे साफ करत होती. सगळे तिला मावशी म्हणायचे.

"मावशी, हा दगड कुणाचा?"

"सरकारी हाय," ती मान वर न करता म्हणाली. "धक्क्याचा."

"धक्का कुठाय?"

"ह्योच. आमच्यापरयंत जेवढं आलं तेवढं मांडलं."

"ही चोरी आहे, कळतंय का? नाव कुठे गेलं साहेबांचं?"

आता तिने कोयती बाजूला ठेवली. "नाव खाली केलंय. वरती ठेवलं असतं तर त्याच्यावर मासं कापायला लागलं असतं. मोठ्या मानसाच्या नावावर आतडी टाकायची? आमाला पटलं नाय."

"पण आत्ताच का काढलेत?"

"मंत्री येनार आयकलं. म्हंजे चवथा दगड येनार. म्हटलं, जागा तरी मोकळी करून ठेवू." मग जरा थांबून म्हणाली, "माझी जाऊ पाटी घेऊन ह्या गाळात पडली साहेब. कंबर गेली तिची. तवा पयला दगड नवीन होता. मला न्यायचं तर न्या. पन ओटा मोडू नका."

मला राग यायला हवा होता. आला नाही. पण मुद्देमालाची ओळख पटवणं भाग होतं, आणि नावावरून ओळख पटवायला नाववाल्यालाच बोलावलं.

आमदारसाहेब आले. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा झब्बा. मी म्हटलं, "साहेब, नाव खालच्या बाजूला आहे. पाहावं लागेल."

सहायक पुढे झाले, तर साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. स्वतःच ओल्या वाळूवर बसले, मग आडवे झाले आणि टॉर्च घेऊन ओट्याखाली शिरले. बाहेर फक्त पाय. सगळा कोळीवाडा गोळा झाला होता. ओट्याच्या फटीतून मासळीचं पाणी ठिबकत होतं, ते नेमकं कुठे पडतंय हे सगळ्यांना दिसत होतं.

"सापडलं का नाव?" मावशीने विचारलं.

"सापडलं," आतून आवाज आला. "तिन्ही सापडली."

साहेब बाहेर आले ते पार भिजलेले, खवल्यांनी चमकणारे. पोरंसोरं खिदळली. साहेबांनी ओट्यावरून एकदा हात फिरवला, मावशीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. हा माणूस आता काय करतो, ह्याची मला धास्ती होती.

"इन्स्पेक्टर, फिर्याद गैरसमजातून झाली. दगड चोरीला गेलेला नाही. कामाला लागलाय." मग सहायकाकडे वळले. "रविवारचा बोर्ड बदला. पाहणी नाही, लोकार्पण. मच्छीमार भगिनींसाठी मासळी ओटा."

गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा 'क' समरीचा अहवाल मी कोर्टाला पाठवला. रविवारी मंत्र्यांनी फीत कापली, मावशीने त्यांना पापलेट दिलं आणि साहेबांना तिकीट मिळालं. निवडूनही आले. जुना उजवा हात पुन्हा बॅग धरायला लागला. लोकार्पणाची चौथी कोनशिला नारळाखाली बसवली, तेव्हा मावशी तिच्याभोवती एक चक्कर मारून, हाताने माप घेऊन साहेबांना म्हणाली होती, "वाईच लांब आनायला पायजे होता."

ह्या केसने मला शिकवलं ते एवढंच, की चोरीचा माल शोधताना कुणाला फायदा होईल ह्यापेक्षा तो कुणाच्या उपयोगाचा आहे ते आधी पाहावं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी एकदा मासळी घ्यायला मुद्दाम तिथे गेलो. धक्का अजून व्हायचाच होता. नारळाखाली नवा खड्डा दिसला. ओट्यापाशी मात्र गाळातून वर चढायला एक ऐसपैस काळी पायरी झाली होती. मी जवळ गेलो आणि नकळत चपला काढायला लागलो.

"चढा साहेब, चपला राहू द्या," मावशी म्हणाली. "नाव खालच्या अंगाला हाय."