चाल ओळखणारी आत्या

आमच्या आत्याला माणसाचं तोंड दिसायच्या आधी त्याची चाल दिसायची. संध्याकाळी वैनगंगेच्या पुलावरून माणसं गावाकडे परतू लागली, की ती रस्त्याकडेच्या बाभळीखाली सूप घेऊन बसायची. हात तांदूळ निवडत, डोळे पुलावर. नदीच्या अलीकडे आमचा गडचिरोली जिल्हा, इथे दारूबंदी. पलीकडे चंद्रपूर, तिकडे दुकानं उघडी. माणूस ठिपक्याएवढा असतानाच आत्या सांगून मोकळी व्हायची, "तो पाहा, पाय कसे टाकून राह्यला. पेला हाय." माणूस जवळ आला की वास येणारच.

गावच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. अंगापिंडानं मूठभर, पण पदर खोचून जंगलात शिरायची आणि दारूसाठी आंबवलेल्या मोहाच्या सडव्याचे ड्रम लाथेनं आडवे करायची. तिचा नवरा दारूपायी गेला, म्हणून ती माहेरी परतली होती. माझे आजोबाही शेवटी झोकांड्या खातच गेले म्हणे, आणि त्याचाही दोष ती दारूलाच द्यायची. माझी आई मी लहान असताना वारली. मला न्हाऊमाखू घातलं ते आत्यानंच. तिचा धाक होता, आणि तिच्याशिवाय करमतही नव्हतं.

पकडलेल्या माणसासाठी तिची शिक्षा ठरलेली. पौर्णिमेला बुद्धविहारात सगळे जमले, की त्यानं एकट्यानं उभं राहून पाचवं शील म्हणायचं, नशा न करण्याचं. "दंड भरून मानूस सुटते," ती म्हणायची, "शील म्हनाले लावलं का जीभ लाजते." मोठमोठे दांडगे गडी तिच्यासमोर शाळकरी पोरांसारखे मान खाली घालून ते म्हणताना मी पाहिले आहेत. आम्ही पोरं मागच्या रांगेत बसून हसायचो.

मग एके दिवशी तिनं पुलावरून माझ्या बाबांना येताना पाहिलं.

बाबा तिचे धाकटे भाऊ. नदीपलीकडच्या मूल गावी राइस मिलमध्ये कामाला, रोज सायकलनं जाऊन येऊन. अलीकडे ते सायकल हातात धरून चालत यायचे. पावलं लहान, फरफटत, आणि वळायचं झालं की जागीच थबकायचे. आत्यानं सूप बाजूला ठेवलं आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तोंड उघड."

"मी नाई पेलो वो बाई."

तिनं वास घेतला. वास नव्हता. "आता बिनवासाची भेटते," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी घरात पळालो. नवऱ्याचं झालं तेच भावाचं होणार, या भीतीनं ती पार बिथरली होती.

सख्ख्या भावाला सोडलं तर मंडळाला तोंड काय दाखवायचं? बाबा विहारात उभे राहिले. जीभ जड झाली होती, पाली भाषेतले शब्द एकमेकांत अडकत होते. बायांनी पदर तोंडाला लावले. त्या अडखळण्यानं आत्याची खात्रीच पटली. असं एकदा नाही, कितीतरी पौर्णिमांना झालं. बाबा कधी चिडले नाहीत. एकदा मला एवढंच म्हणाले, "बाईची नजर चुकत नाई, बाबू. मलेच काही कळत नसंल." हे वाक्य मला आजही जेवू देत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते शेताच्या बांधावरून पडले, आणि त्या दुखण्यातून उठलेच नाहीत.

काही वर्षांनी विहाराच्या उंबऱ्यापाशी आत्याचे पाय जमिनीला चिकटले. उचलायला जाते तर उचलेनात. मी तिला नागपूरला नेलं. मेंदूचा फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत चालल्यात. हा आजार घराण्यातून येतो. चाल, हात, बोलणं सगळं मंदावतं. कंपवातासारखं दिसतं, पण त्याच्या गोळ्या याला फारशा लागू पडत नाहीत, आणि मुळावर औषध नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं चालायचं का?

"माझा बाप," आत्या म्हणाली. "आन् माझा भाऊ." आणि मग, "म्हंजे तो पेला नव्हता?"

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मी टेबलाकडे.

पुढच्या पौर्णिमेला दोन बायांनी धरून तिला विहारात उभं केलं. "माझ्या भावाले मी इथी उभं केलं होतं," ती म्हणाली. "तो पेला नव्हता. मले शिक्षा द्या." एकीनं पाण्याचा गिलास आणून तिच्या तोंडाला लावला. माफ करणारा माणूसच उरला नव्हता, आम्ही काय देणार होतो?

त्यानंतर ती बाभळीखाली गेली नाही. गावात पिणारे मोकाट सुटले. मंडळाच्या बाया विचारायला यायच्या, "बाई, तो पेला हाय का? पाहून सांग." ती म्हणायची, "मले काय ठाऊक? बिमार असंल बिचारा." बाया कपाळाला हात लावून परत जायच्या. मला तिचा राग यायला हवा होता. पण खाटेवर तिला भरवताना घास ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायचा, आणि राग कुठल्या कुठे जायचा.

हा आजार बाबांना होता, म्हणजे मला असण्याची शक्यता अर्धी. रक्त तपासून कळतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी नोकरीला बल्लारपूरला. वेळ नाही, असं मी स्वतःला सांगत असतो. हल्ली जिना चढताना डावी चप्पल अडते. जिना जुना आहे, कुणाचीही अडेल.

आत्या गेली त्याच्या थोडे दिवस आधी मी गावी गेलो होतो. निघताना राहवलं नाही. सगळ्या यंत्रांपेक्षा माझा भरवसा अजून तिच्यावरच होता. तिची खाट अंगणात होती. म्हटलं, "आत्या, मी चालून दाखवतो. खरं काय ते सांग."

तिनं मानेनंच हो म्हटलं.

मी विहिरीपर्यंत गेलो आणि वळलो. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. पापण्यांखालून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"सरळ हाय, बाबू," ती म्हणाली. "एकदम सरळ चालून राह्यला."