गोळी सोडल्यानंतरचं पोट

गोळी बंद झाली त्या संध्याकाळी नवरा येताना रसमलाई घेऊन आला. कशाबद्दल ते बोलला नाही. मुलीने विचारलं, तर म्हणाला, "असंच. दिसली म्हणून आणली." आम्ही तिघांनी ती खाल्ली. त्या दिवसाची आठवण एवढ्यासाठी, की त्यानंतर बरेच महिने मी गोड, तिखट, तळलेलं असं काहीच मनापासून खाल्लं नाही.

काही वर्षं मी रोज जेवणानंतर ती छोटी पांढरी गोळी घेत होते. ती उदासीची होती. काय झालं होतं, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, कारण झालं काहीच नव्हतं. नोकरी होती, घर होतं, नवरा चांगला होता, आणि तरी सकाळी उठून दात घासणंही जड जायचं. अमरावतीत या आजाराचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण मी इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि इथल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसले, तरी ओळखीचं कोणीतरी भेटणारच. अकोल्याला वडील राहतात. वडिलांना भेटून येते म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नाही. बडनेऱ्याहून गाडी धरायची, अकोल्यात उतरून आधी डॉक्टर, मग वडील. वडिलांना वाटायचं, पोरगी फार जीव लावते.

गोळी मी मनाने सोडली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही आता बऱ्याच काळापासून ठीक आहात, हळूहळू कमी करू. आधी अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड, मग बंद. पहिले काही दिवस मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखं व्हायचं. ते होईल, असं त्यांनी सांगितलं होतं. झालं आणि गेलंही. मला वाटलं, सुटले.

त्यानंतर पोट सुरू झालं.

छातीची हाडं संपतात तिथून थोडं खाली, अगदी मधोमध, कोणीतरी ओलं लुगडं पिळावं तसा पीळ पडायचा. खाल्लं तरी दुखायचं, उपाशी राहिलं तरी दुखायचं. सकाळी सर्वात जास्त. मळमळ व्हायची, पण उलटी नाही. मी ओवा खाल्ला, जिरं खाल्लं, आल्याचा रस घेतला. कॉलेजातल्या एका बाईंनी पित्त म्हणून सांगितलं, दुसऱ्या बाईंनी गॅस म्हणून. शेजारच्या काकू घरी येऊन पोट दाबून गेल्या आणि म्हणाल्या, "बेंबी सरकली तुही. डाक्टरले काय समजते त्यातलं?" त्यांनी मला जमिनीवर उताणं झोपवलं, बेंबीवर कणकेचा छोटा दिवा ठेवला, पेटवला आणि वरून पेला उपडा घातला. पेला पोटाला गच्च धरून बसला. नवरा दारातून बघत होता आणि काकू वळल्या की भिंतीकडे तोंड करत होता. मला हसू आलं नाही. त्या पेल्याखाली कातडी ओढली जात होती, तेव्हा मी खरंच म्हणत होते, की बेंबीच असू दे. बेंबी असेल तर ती जागेवर येईल.

मग अमरावतीचे पोटाचे डॉक्टर. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीणही झाली. घशातून ती नळी जाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नर्स म्हणत होती, "ताई, लहान मुलासारखं नाही करायचं." रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे." नवऱ्याने सुस्कारा सोडला. मला रडू आलं ते आनंदाने नव्हतं. काहीतरी सापडायला हवं होतं. खडा, जखम, सूज, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असं काहीही. मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, मी एक मनाची गोळी घेत होते. ती बंद केल्यापासून हे सुरू झालं." त्यांनी लिहिता लिहिता मान हलवली. "त्याचा काही संबंध नाही. टेन्शन घेऊ नका." पुढच्या पेशंटला आवाज दिला.

टेन्शन घेऊ नका, हे मी नंतर इतक्या जणांकडून ऐकलं, की ते ऐकूनच पोटात पीळ पडायला लागला.

परीक्षेचे दिवस होते. वाचनालय मुलांनी भरलेलं असायचं. दुखायला लागलं की मी मागच्या कपाटांच्या ओळीत जायची, जिथे जुने गॅझेटियर ठेवलेत आणि सहसा कोणी येत नाही. तिथे थंड फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. वजन उतरलं. ब्लाउज सैल झाले. लोक म्हणाले, छान बारीक झालात, काय करता? मी म्हणायची, फिरायला जाते.

घरी एक दिवस भांडण झालं. नवरा नांदगाव खंडेश्वरला शिक्षक आहे, रोज जाणं-येणं करतो, दमून येतो. मी ओट्याला टेकून उभी होते, पोळ्या तशाच राहिल्या होत्या. तो म्हणाला, "परत सुरू कर ना ती गोळी. काय बिघडते?"

मी म्हटलं, "पोट दुखतं आहे. गोळी पोटाची नव्हती."

"मग तुझं पोट दुखून राहिलं की मन दुखून राहिलं, ते एकदा ठरव."

बोलून त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असावं. पण शब्द बाहेर पडले होते. मी आत जाऊन पडले. त्याने पोळ्या केल्या, जाड आणि कच्च्या. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याबरोबर मुगाची खिचडी खायला लागला. ज्या माणसाला पानात ठेचा नसला तर जेवण झालं असं वाटत नाही, तो हळद-मिठाची खिचडी मुकाट खात होता. माफी त्याने मागितली नाही. मीही तो विषय काढला नाही.

शेवटी अकोल्याला जायचं ठरवलं. गोळी बंद झाल्यापासून मी तिथल्या डॉक्टरांकडे गेले नव्हते. उन्हाळा होता, अकोल्याचा. स्टेशनवर उतरल्याबरोबर पोटात असा पीळ आला की डॉक्टरांकडे न जाता मी सरळ वडिलांच्या घरी गेले. वडील एकटेच असतात. आई जाऊन बराच काळ झाला. कूलरसमोर दिवाण आहे, त्यावर मी उशी पोटाशी दाबून आडवी झाले. वडील माठातलं पाणी घेऊन आले आणि दारातच थांबले.

"असाच पडत जाय मी," ते म्हणाले.

मला आठवलं. लहानपणी वडिलांचं पोट ही घरातली नेहमीची गोष्ट होती. ड्युटीवरून आले की भिंतीकडे तोंड करून, उशी पोटाशी घेऊन पडायचे. आई आम्हाला गप्प बसवायची. कोणी त्याबद्दल कधी बोललं नाही.

"बाबा, तुमचं पोट कायनं दुखे?"

ते खुर्चीवर बसले. पेला हातातच होता. "तुह्या आंधी एक पोरगा होता आमाले. तुले मालूम हाये."

मला तेवढंच माहीत होतं, की होता आणि तापाने गेला.

"तो गेला, मंग मी चवथ्या दिवशी ड्युटीवर गेलो. तुही माय दिवसभर रडे. दोघंबी रडत बसलो असतो तं चूल कोणं पेटवली असती? त्याच पावसाळ्यात पोट सुरू झालं. डाक्टरनं पावडर देल्ली. मी घेत राह्यलो."

"कधी थांबलं मग?"

"कोणाले मालूम. रिटायर झाल्यावर एक दिवस ध्यानात आलं, का बुवा आता दुखत नाई."

मग मी त्यांना सांगितलं. इतकी वर्षं दर महिन्याला मी आधी कुठे जात होते, ते. ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"येड्यायच्या डाक्टरकडे?"

"हो बाबा."

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता काही बोलणार नाहीत. आत भांड्यांचा आवाज येत राहिला. मग बाहेर येऊन म्हणाले, "त्या गोळीनं झोप लागे काय तुले?"

"लागे."

"मंग कायले सोडली?"

मी म्हटलं, बरं वाटत होतं म्हणून. ऊन उतरल्यावर ते माझ्यासोबत दवाखान्यात आले. तिथल्या बाकावर धोतर सावरून, छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असे पाहत होते जणू कोणी विचारलंच तर उत्तर तयार आहे.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. रिपोर्ट बघितले. म्हणाले, "गोळी सुटल्यावर काहींना पोटाचा त्रास होतो. इतका लांबत नाही सहसा. पण लांबणारच नाही, असं मी म्हणणार नाही. जुना आजार पोटातून परत येतोय, असंही असू शकतं. किंवा हे दोन्ही नसेल." मी विचारलं, "म्हणजे नक्की काय?" ते म्हणाले, "नक्की मला माहीत नाही." इतक्या दिवसांत हे वाक्य मला कोणीच म्हटलं नव्हतं. त्याने दुखणं कमी झालं नाही, पण मला खोटं ठरवलं जात नाही, एवढं वाटलं.

कमी डोसवर गोळी परत सुरू झाली. पोटाच्या डॉक्टरांकडेही अधूनमधून दाखवत राहा, असं त्यांनी बजावलं. काही आठवड्यांनी पीळ सैल झाला. गेला नाही. वजन थोडं भरलं. गोळीने झालं, का काळाने, का वडिलांशी बोलल्याने, मला सांगता येत नाही, आणि सांगता येतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. वडिलांचा रोज सकाळी फोन येतो. "पोट कसं हाये?" एवढंच विचारतात. मी बहुतेक वेळा "ठीक" म्हणते. कधी ठीक नाही म्हटलं, तर ते फोन ठेवत नाहीत, बोलतही नाहीत. तिकडून नुसता कूलरचा आवाज येत राहतो.

थंडीत गोळी पुन्हा कमी करून बघू, यावेळी फार हळू, असं डॉक्टर म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.