कुणीतरी धरून असेपर्यंत

थोरल्या भावाने मला फसवलं. आईचं नाव घातलेली तांब्याची कळशी त्याने मला न विचारता मोडीत घातली.

माझं भांड्यांचं दुकान आहे. काल मुलगी सई दुकानासाठी प्रोग्राम लिहीत होती. पडद्यावर प्रत्येक भांड्यापुढे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ उमटत होती.

"एवढी लांब कशाला? थोडी कमी कर की," मी सवयीने घासाघीस केली.

"बाबा, इथे घासाघीस नाही. ही त्या भांड्याची ओळख. हीच ओळ जगात दुसऱ्या कशाला मिळू नये, म्हणून लांब."

"आणि नको झाली की पुसायची कुणी?"

"कुणीच नाही. प्रोग्राममध्ये कुणीतरी, म्हणजे त्याचा एखादा भाग, तिला धरून असेपर्यंत ती राहते. शेवटचा हात सुटला, की कॉम्प्युटर आपणहून जागा मोकळी करतो."

मी ओळींकडे बघत राहिलो. नळावरच्या अंधारात आई कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि इतक्या कळशांतून आपली उचलायची. तिला वाचता येत नव्हतं. बोटाला मात्र ते नाव पाठ होतं.

कॉम्प्युटरसुद्धा आधी बघतो, कुणी धरलंय का. दादा, मी धरून होतो. कुणीच उरलं नाही, हे तू कुणाला विचारून ठरवलंस? उत्तर दे.